स्ट्रायकरला चिकटलेल्या मार्करपासून सोडवायचं कसं?

पार्कवाला (धागाकर्ता)

मंडळी, सोलापुरात शाळेच्या सतरा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. जूनमध्ये शाळा भरली की सुब्रोतो कपचे, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेचे, वेध लागतात आणि सगळा सराव त्याच हिशेबाने चालतो. यंदा आमचा नऊ नंबर, म्हणजे पुढे राहून गोल करणारा स्ट्रायकर, चांगला आहे. पळतो, दोन्ही पायांनी मारतो, उंच चेंडूला डोकंही लावतो. आता हे गावातल्या सगळ्या संघांना कळलंय. पहिल्या शिट्टीला एक पोरगा मार्कर म्हणून त्याला चिकटतो तो शेवटच्या शिट्टीलाच सुटतो. चेंडू आला की हा पाठीला छाती लावून उभा, आमचा वळायला गेला की मधून पाय घालून चेंडू बाहेर. अर्ध्या तासात आमचा वैतागतो, मग भांडतो, मग मिडफिल्डमध्ये येऊन चेंडू मागत फिरतो. पुढे कुणीच उरत नाही.

अशा मार्किंगमधून सुटायला नेमकं काय शिकवायचं, आणि आधी काय, नंतर काय? बाहेरून "मोकळा हो, मोकळा हो" ओरडणं म्हणजे शिकवणं नव्हे, एवढं मला पक्कं वाटतं. संध्याकाळी एक तास मिळतो आणि अर्धं मैदान, कारण उरलेल्या अर्ध्यात क्रिकेटवाले असतात. त्यात बसेल असं सांगा.

कडकभाकरी

मालक, आधी पोराला ताकद लावा. जोर, बैठका, दोरी. धक्के मारून मारून मार्करच दमला पायजे. ते चेक रन (हूल देऊन परत येणं), हाफ टर्न (अर्धं वळून चेंडू घेणं) नंतर बघू की. पाठीवर पोतं घेतल्यासारखा मार्कर घेऊन उभारता आलं पायजे आधी.

सातरस्ता

वाचतोय. आमच्याकडे पण हेच दुखणं आहे.

जुना_लेफ्ट_इन

कडकभाकरी, ताकद हवीच, पण ती पोटासारखी दोन महिन्यांत येत-जात नाही. सुब्रोतो तोंडावर आहे. शिवाय ताकदीने सोडवायचं ठरवलं तर समोरून आणखी दांडगा मार्कर येतो.

पार्कवाला, माझ्या मते तुमच्या मुलाची चूक चेंडू आल्यावर होत नाहीये, चेंडू यायच्या आधी होतेय. मार्किंग सुटतं ते आधीच्या दोन सेकंदांत. चेंडू पायाशी आला तेव्हा मार्कर पाठीवर असेल तर खेळ त्याच्या मनासारखा झालेला असतो.

मार्करला एकाच वेळी दोन गोष्टी बघायच्या असतात: चेंडू आणि आपला माणूस. तुमचा नऊ नंबर चेंडू आणि मार्करच्या मधे उभा राहत असेल तर त्या बिचाऱ्याचं काम फारच सोपं झालं, दोन्ही एकाच नजरेत. त्याऐवजी मुलाला मार्करच्या खांद्यामागे उभं करा, चेंडूच्या उलट्या बाजूला. आता माणूस बघायचा तर मान वळवायला लागते, आणि मान वळली की चेंडू दिसत नाही. ज्या क्षणी त्याची मान चेंडूकडे गेली, त्या क्षणी निघायचं. स्ट्रायकर हालँडचा कुठलाही सामना लावा आणि चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघत बसा. बराच वेळ तो चालत असतो, पण सेंटर बॅकच्या (मधल्या डिफेंडरच्या) पाठीमागून चालत असतो, आणि दर थोड्या वेळाने मान वळवून कोण कुठे आहे ते टिपत असतो.

दुसरं, उलटी पावलं. चेंडू पायाशी हवा असेल तर आधी तीन-चार पावलं गोलकडे जोरात जायचं, मार्कर घाबरून मागे सरकला की थांबून परत यायचं. मागे चेंडू हवा असेल तर उलट, आधी चेंडूकडे यायचं आणि मग मागे फिरायचं. पहिली हालचाल खरी वाटली पाहिजे. पोरं ती आळसात करतात, दोन पावलं नावाला टाकतात. मार्कर कशाला फसेल?

खोखोवाली

जुना_लेफ्ट_इन यांना +१. मी मूळची खो-खोची, आता मुलींचा फुटबॉल संघ बघते. आमच्या जिल्ह्यात ज्याने लहानपणी खो-खो खेळला त्याला हूल द्यायला वेगळं शिकवावं लागत नाही. खांदा एकीकडे, पाय दुसरीकडे. माझ्या मुलींना मी पहिला आठवडा चेंडूच देत नाही. जोड्या लावते, एक पळणारी, एक चिकटणारी, आणि माझ्या टाळीवर पळणारीने एक हात अंतर काढायचं. एका हाताचं अंतर मिळालं की पुरे, फुटबॉलमध्ये तेवढ्यात वळता येतं.

पूर्वभाग

खोखोवाली ताई, आदर ठेवून थोडी असहमती. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला खांबापर्यंत मागे फिरता येत नाही, म्हणून तिथे हूल यशस्वी होते. फुटबॉलचा मार्कर लगेच उलटा फिरतो. नुसती हूल दिली आणि त्या क्षणी पास आला नाही तर एका सेकंदात तो परत पाठीवर. आमच्या संघात अशी हूल देऊन देऊन पोरगा दमून जायचा आणि चेंडू यायचा कधीतरी भलतीकडे.

खोखोवाली

पूर्वभाग दादा, हे मान्य. पण मग तो दोष हुलीचा की पास देणाऱ्याचा?

जुना_लेफ्ट_इन

ताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. पार्कवाला, हा प्रश्न एकट्या स्ट्रायकरचा नाहीच. ही जोडीची गोष्ट आहे. मिडफिल्डर मान खाली घालून चेंडू ओढत असेल तर पुढे पेले असला तरी मार्कर खिशात घालून फिरेल. म्हणून माझ्याकडे या दोघांचा सराव वेगळा होतच नाही.

साधारण दहा बाय पंधरा पावलांचा आयत आखा, अर्ध्या मैदानात असे चार बसतात. एका टोकाला पास देणारा, मधे स्ट्रायकर आणि मार्कर, दुसऱ्या टोकाला दोन छोटे गोल, एक डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. दोन का, तर मार्करला दोन्ही झाकता येत नाहीत, त्याला एका बाजूला झुकावंच लागतं आणि स्ट्रायकरला ते झुकणं ओळखायला शिकायचंय. नियम एकच: पास देणाऱ्याने चेंडू अर्धा हात पुढे ढकलून मान वर केली की मगच स्ट्रायकरने शेवटची धाव घ्यायची. आधी निघाला तर पॉइंट मार्करला. मान वर होऊनही जागेवर उभा राहिला तरी पॉइंट मार्करला. पोरांना पॉइंटची फार हौस असते, एका संध्याकाळी त्यांच्या नजरा जुळायला लागतात.

आणि पास कुठल्या पायावर हे बघा. मार्कर उजव्या खांद्याला चिकटला असेल तर पास डाव्या पायावर, म्हणजे त्याच्यापासून लांबच्या पायावर. चांगला मिडफिल्डर पासमधूनच सांगतो: लांबच्या पायावर हलका दिला म्हणजे "वळ", अंगावर जोरात दिला म्हणजे "परत दे".

कडकभाकरी

हे बाकी बेष्ट सांगितलंत. पण मालक, चेंडू पायाशी आला आणि मार्कर चिकटलेलाच हाय, तवा काय करायचं ते सांगा की. दर वेळी कुठं सुटतंय पोरगं.

पेनल्टीस्पॉट

कडकभाकरी, याचं उत्तर पाठीत असतं. खरंच. मुलाला सांगा, चेंडू यायच्या आधी थोडं आडवं उभं राहा, गुडघे वाकव, कोपर दुमडून मागचा हात हलकेच मार्करला टेकव. ढकलायचं नाही, फक्त तो कुठे आहे ते कळू द्यायचं. मग तीन शक्यता. तो डाव्या बाजूने रेटतोय, तर उजवीकडे वळ, त्याचाच जोर त्याला पुढे नेतो. तो एक पाऊल मागे आहे, तर सरळ वळ आणि समोरासमोर घे. तो अधीर होऊन पुढे घुसून चेंडू काढायला बघतोय, तर चेंडूला हातच लावू नको (म्हणजे पाय), दोन पायांतून जाऊ दे आणि त्याच्या मागून फिर. या तिसऱ्यात मार्कर पूर्ण बाद होतो. आमच्या पोरांना तिसरं जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण आलेला चेंडू सोडायला जीव होत नाही.

आणि घट्ट चिकटलेलाच असेल, कुठेच झुकत नसेल, तर एका टचमध्ये परत. त्यात कमीपणा नाही. ज्याला परत दिला त्याने मागे धावणाऱ्या विंगरला (बाजूने पळणाऱ्याला) सोडायचा. मार्कर स्ट्रायकरला मिठी मारून उभा आणि चेंडू त्याच्या बाजूने पुढे गेलेला.

हुतात्मा_एक्सप्रेस

सोलापूर ते पुणे गाडीत बसून सगळे प्रतिसाद वाचले, कुर्डुवाडी कधी गेलं कळलं नाही. :)

पेनल्टीस्पॉटच्या शेवटच्या मुद्द्यावर एक जुनी गोष्ट. २९ जून १९८२, वर्ल्ड कप, बार्सिलोना. इटलीच्या जेंतिलेने मॅराडोनाला सामनाभर धरून ठेवलं, आणि त्या सामन्यात मॅराडोनावर एकूण २३ फाऊल झाले. अर्जेंटिना २-१ हरली. बरोबर चार वर्षांनी, २९ जून १९८६, मेक्सिकोत फायनल. पश्चिम जर्मनीने मॅराडोनावर आधी माथेऊस सोडला. मॅराडोनाने त्या सामन्यात एकही गोल केला नाही. पण २-२ झालेलं असताना ८४व्या मिनिटाला जर्मन खेळाडूंच्या गराड्यात त्याच्याकडे चेंडू आला आणि त्याने एका टचमध्ये तो बुरुचागाच्या पुढे सोडला. ३-२, वर्ल्ड कप. चिकटलेली माणसं त्याच्याकडे ओढली गेली म्हणून बुरुचागासमोर रान मोकळं होतं.

तुमच्या नऊ नंबरला हा गोल दाखवा. गोलच्या यादीत नाव नसलेल्या माणसाने सामना कसा जिंकून दिला ते त्याला कळेल.

कोल्हापुरी_नाद

सोलापूरकरांनो, आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पेठेपेठेचे संघ खेळतात, आणि तिथं मार्किंग म्हणजे काय ते येऊन बघा! एवढं सगळं चर्चायला वेळच मिळत नाही. आमचं सरळ: स्ट्रायकरने वर उडायचं, चेंडू लागो न लागो, मार्करला घेऊन उडायचं, आणि खाली पडणाऱ्या चेंडूवर दोन पोरं आधीच पळालेली पाहिजेत. दुसऱ्या चेंडूवर गोल होतात राव.

पूर्वभाग

नादभाऊ, कोल्हापुरात ते चालतं कारण तुमची पोरं लहानपणापासून त्या गर्दीत वाढतात. आमचं मैदान कडक मुरमाचं. उंच चेंडू पडला की असा उसळतो की दुसरा चेंडू थेट गोलकीपरच्या हातात. पाऊस झाल्यावर मात्र तुमचं म्हणणं लागू पडेल, चिखलात चेंडू थांबतो.

सातरस्ता

मैदानाचा विषय निघालाच आहे तर: आम्ही आधी होम मैदानावर जायचो. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, गड्डा भरतो, पाळणे, दुकानं, सगळं. यात्रा झाली की काही आठवडे खिळे, काचा, खड्डे. यात्रेबद्दल तक्रार नाही, मी दरवर्षी जातो, लेकराला पाळण्यात बसवतो. पण फुटबॉलला गावात एक तरी कायमचं, सपाट मैदान पाहिजे.

खोखोवाली

अगदी. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर. सकाळी सहाला सुरू करून साडेसातला पोरींना घरी पाठवावंच लागतं. बाहेरच्या प्रशिक्षकांचे दीड-दीड तासांचे आराखडे इथे उपयोगाचे नाहीत.

शिट्टीवाला

धाग्यावर परत येऊ. मी पंच म्हणून उभा राहतो, म्हणून नियमांच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, ज्या प्रशिक्षक शिकवत नाहीत.

थ्रो-इनवर (बाजूने बाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकताना) ऑफसाइड नाही, म्हणजे बचावफळीच्या मागे आधीच जाऊन उभ्या असलेल्याला चेंडू घ्यायची बंदी नाही. गोल किक आणि कॉर्नरवरही नाही. शाळेच्या सामन्यांत थ्रो-इन भरपूर होतात. तुमचा नऊ नंबर थ्रो-इनच्या वेळी शेवटच्या डिफेंडरच्याही मागे जाऊन निवांत उभा राहू शकतो. मार्करला आता ठरवावं लागतं: त्याच्यासोबत मागे जायचं की रेषेत राहायचं? मी अनेक सामन्यांत पाहिलंय, मुलं सवयीने ऑफसाइड म्हणून हात वर करून उभी राहतात आणि स्ट्रायकर चेंडू घेऊन गेलेला असतो.

दुसरं, जर्सी ओढणं, कमरेला धरणं हा फाऊल आहे, पण तो दिसला पाहिजे. मुलगा स्वतःच मार्करचा हात पकडून कुस्ती खेळत असेल तर पंचाला दोघांतला फरक कळत नाही. पेनल्टीस्पॉट म्हणतात तसा हात हलका टेकवणं चालतं, धरणं चालत नाही. आणि पंचाशी वाद घालायला पाठवायचं असेल तर कॅप्टनला पाठवा, वैतागलेल्या स्ट्रायकरला नको.

पार्कवाला (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. थ्रो-इनचं तर उद्याच करून घेतो. एक शंका राहतेय. आमचा पोरगा चेंडू मागायला मिडफिल्डमध्ये येतो त्यावर मी त्याला रागावतो. पण टीव्हीवर तर सगळे मोठे नऊ नंबर खाली येतात. मग त्याला आवरायचं की सोडायचं?

जुना_लेफ्ट_इन

चांगला प्रश्न. खाली येणं वाईट नाही, खाली आल्यावर मागे रिकामं राहणं वाईट.

१९५३ साली वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ हरवलं. त्यांचा हिदेगकुटी पाठीवर ९ नंबर घालून मिडफिल्डमध्ये खेळत होता. इंग्लंडच्या सेंटर हाफला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, कळेना, याच्या मागे जावं की जागेवर थांबावं. मागे गेला तर मागे भगदाड, थांबला तर हिदेगकुटी मोकळा. त्याने तीन गोल केले. २ मे २००९ ला बार्सिलोनाने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ६-२ हरवलं तेव्हाही तेच: मेस्सी मधून खाली आला, सेंटर बॅकला धरायला समोर माणूसच नाही, आणि बाजूने आँरी आत घुसत होता. आँरी आणि मेस्सी, दोघांचे दोन-दोन गोल.

म्हणजे नऊ नंबर खाली येतो त्याच क्षणी दुसरा कुणीतरी त्याच्या जागेत पळाला पाहिजे. तुमच्याकडे तो पळतोय का? नसेल तर नऊ नंबरला रागावू नका, विंगरला शिकवा.

आणखी एक. सामन्याच्या पहिल्या पाच मिनिटांत नऊ नंबरला मुद्दाम टचलाइनपर्यंत (बाजूच्या रेषेपर्यंत) चालत पाठवा, चेंडूशी काही संबंध नसताना. मार्कर त्याच्या मागे लाइनपर्यंत गेला तर समजा तो माणसाला चिकटलाय, जागेला नाही. मग सगळा सामना नऊ नंबरने त्याला बाजूला फिरवायचं आणि मधल्या रिकाम्या जागेत दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागे खेळणारा) घुसवायचा. नाही गेला, तर बाजूला चेंडू घेऊन वळायला जागा आहे.

पेनल्टीस्पॉट

डीमधल्या (गोलसमोरच्या चौकोनातल्या) हालचालीबद्दल कुणी बोललं नाही. बाजूने चेंडू येतो तेव्हा पोरं सगळी गोलकडे पळत सुटतात, मार्करही. तुमच्या मुलाने दोन जोरदार पावलं गोलकडे टाकून अकरा मीटरच्या ठिपक्यापाशी करकचून थांबावं. मार्कर वेगात पुढे जातो. विंगरने चेंडू मागे ओढून दिला की समोर मोकळा गोल. गेर्ड म्यूलरचा १९७४ च्या वर्ल्ड कप फायनलमधला गोल बघा. चेंडू थोडा मागे आला होता, तो मागे सरकला, वळला आणि मारला. उंची नाही, फार वेगही नाही, पण पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल.

कडकभाकरी

आपल्या सुनील छेत्रीचं पण तेच की. पाच फूट सातचा माणूस, आणि हेडरचे गोल किती! उडायच्या आधी मार्करला सोडलेला असतंय.

सातरस्ता

उलटा विचारही करा. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये आपला जर्नेल सिंग मूळचा डिफेंडर. डोक्याला मार लागून टाके पडले होते, म्हणून प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्डला खेळवलं. फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल पी. के. बॅनर्जीचा, एक जर्नेलचा, सुवर्णपदक! मला वाटतं, ज्याने आयुष्यभर मार्किंग केलं त्याला मार्कर कशाने गोंधळतो ते आतून माहीत असतं. तुमच्या नऊ नंबरला सरावात आठवडाभर डिफेंडर करा. कुणाला धरणं अवघड जातं ते त्याचं त्यालाच कळेल.

खोखोवाली

सातरस्ता दादा, हे फार आवडलं. मीही करणार.

एक_पालक

मी प्रशिक्षक नाही. माझा मुलगा पुढे खेळतो, नऊ नंबर. सामना संपल्यावर घरी येऊन जेवत नाही, कारण "चेंडूच आला नाही". सर, या सगळ्या युक्त्या शिकवाल ते चांगलंच, पण सामन्याआधी त्याला एकदा सांगा की दोन माणसं तुझ्यामागे लागली म्हणजे आपल्या संघाचं एक माणूस कुठेतरी मोकळं आहे, आणि ते तुझ्यामुळे आहे. तुमच्या तोंडून ऐकलेलं त्याला पटतं, आमच्या तोंडून नाही.

पार्कवाला (धागाकर्ता)

एक_पालक, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. तुमच्या मुलाच्या सरांनाही हे नक्की सांगा.

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. मधल्या काळात आयताचा सराव रोज घेतला, आणि सातरस्तांच्या सूचनेवरून नऊ नंबरला आठवडाभर डिफेंडर केलं. दुसऱ्याच दिवशी तो स्वतः येऊन म्हणाला, "सर, जो मागून चालतो ना, त्याचा लय त्रास होतो." मी काही बोललो नाही, मनातून फार बरं वाटलं.

रविवारी सराव सामना झाला. टचलाइनची चाचणी केली, मार्कर आज्ञाधारकपणे थेट लाइनपर्यंत मागे आला. मग आमच्या दहा नंबरला मधे सोडलं. पहिला गोल दहा नंबरचा. दुसरा थ्रो-इनवर: नऊ नंबर सगळ्यांच्या मागे उभा, समोरच्या तिघांचे हात वर, आणि पंचांनी खेळ चालू ठेवला. शिट्टीवाला, हा गोल तुमच्या नावावर.

जे अजून जमत नाही ते तिसरं, चेंडू पायांतून जाऊ देणं. दर वेळी पाय लावतोच. आणि उत्तरार्धात त्यांनी दोन मार्कर लावले, एक पुढे, एक मागे, तेव्हा पास अंगापर्यंत पोचेचना. दोघांच्या मधे सापडल्यावर काय करायचं?

जुना_लेफ्ट_इन

दोन लावले म्हणजे त्यांचा मिडफिल्डमध्ये एक कमी झाला. नऊ नंबरला दोघांना घेऊन एका बाजूला उभं राहू द्या, आणि दुसऱ्या बाजूने तीनविरुद्ध दोनचा सराव घ्या. गोलपर्यंत पास बारापेक्षा कमी टचमध्ये, असं काहीतरी बंधन घाला. अर्ध्या मैदानात होतं.

पेनल्टीस्पॉट

आणि पायांतून सोडण्यासाठी: पास देणाऱ्याच्या समोर, स्ट्रायकरच्या मागे पाच पावलांवर कोन ठेवा. चेंडू स्ट्रायकरने न शिवता कोनाला लागला आणि त्याने मागे फिरून तो आधी गाठला तर दोन पॉइंट. पायाने गोल केला तर एकच. बघा, पाय आपोआप आवरतो.

कडकभाकरी

मालक, जिल्ह्याची फेरी कधी हाय ते टाका इथं. आम्ही चार जण येतो बघायला. आणि जोर-बैठका बंद करू नका बरं का पोराच्या.

पार्कवाला (धागाकर्ता)

तारीख लागली की टाकतो. या नक्की. बैठका चालू आहेत!